डावा कोपरा

लग्नपत्रिका नि ऑनलाइन अर्जांच्या माझ्या दुकानाचं शटर वर गेलं की पुढची पाच मिनिटं मी काही करत नाही, माझे हात करतात. उदबत्ती लागते, यूपीएसचं बटन दाबलं जातं, मग कंप्युटरचं, मग खुर्चीवर फडकं फिरतं. पडदा उजळला की माउस आपला आपण खाली डाव्या कोपऱ्यात जातो आणि टिचकी पडते. तेवीस वर्षं हेच चाललंय. गेल्या दिवाळीत नवं मशीन घेतलं, विंडोज ११ वालं, आणि पहिल्याच सकाळी त्या टिचकीवर स्टार्ट मेनूऐवजी हवामान उघडलं. लातूर, इतके इतके अंश, ऊन. ऊन माझ्या पायावरच पडलेलं होतं, ते सांगायला कंप्युटर कशाला पाहिजे?

स्टार्टचं बटन मधोमध जाऊन बसलं होतं, पंगतीत मधेच पाट मांडून बसलेल्या व्याह्यासारखं.

आता बटन इकडं काय नि तिकडं काय, असं दुकानाबाहेरच्या माणसाला वाटेल. पण १९९५ च्या विंडोजपासून ते डाव्या कोपऱ्यात होतं. २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हा ते पार गायबच केलं होतं. जगभर ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ८.१ मध्ये आणून पुन्हा जागेवर बसवलं. आमच्या लाइनीत आठ फारसं कुणी घेतलंच नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं हौसेनं घेतलं आणि आठवड्यात पुन्हा सात टाकून आणलं. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, "बंदच कुठून करावं कळंना. रोज वायर काढायलाव."

माझी सुरुवात विंडोज एक्सपीवर झाली. पडद्यावर हिरवी टेकडी, निळं आभाळ, दोन-चार ढग. लातुरात बाराही महिने ती टेकडी हिरवी राहायची, एवढीच एक. एप्रिल-मेच्या दुपारी काम नसलं की मी नुसता तिच्याकडं बघत बसायचो. लाइट गेली की टेकडी जायची, आली की पुन्हा हिरवी. तो फोटो चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरनं १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढला, हे मला फार उशिरा कळलं. तिथं मूळच्या द्राक्षबागा. फायलोक्सेरा नावाच्या किडीनं वेली गेल्या, त्या उपटून काढल्या आणि मोकळ्या रानावर गवत आलं, ते गवत आपण बघत होतो. हे वाचल्यापासून टेकडीकडं बघायची माझी नजरच बदलली. कुणाची तरी बाग गेल्याशिवाय एवढं मोकळं रान फोटोत येत नाही. आमच्या दुकानात रोज पंचनाम्याचे कागद घेऊन उभी राहणारी माणसं आणि पडद्यावर ती टेकडी, एकाच घरातली निघाली.

तर एक्सपी बंद होणार, ८ एप्रिल २०१४ नंतर त्याला अपडेट येणार नाहीत, असं पेपरात आलं. एप्रिल म्हणजे लग्नसराई, त्यात त्या वर्षी लोकसभेची हँडबिलं. ज्या महिन्यात कंप्युटरला हात लावू नये त्या महिन्यात मी लावला. फॉरमॅट मारायला पोरगा आला. बिचाऱ्यानं विचारलं, "मामा, समदं डी ड्राइव्हला हाय ना?" मी म्हणालो, हाय. फायली होत्याच डी ड्राइव्हला. फाँट कुठं असतात याचा विचार मी बारा वर्षांत कधी केला नव्हता. फाँट राहतात सी ड्राइव्हला, विंडोजच्याच घरात, आणि ते घर आम्ही अर्ध्या तासात पाडलं.

विंडोज ७ टाकून झालं. सगळं कसं काचेसारखं चकाचक. तेवढ्यात औशाकडचे एक पाहुणे मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. मी फाईल उघडली. वर गणपती शाबूत, कलश शाबूत, दोन्ही बाजूंच्या केळी शाबूत. आणि मधे जिथं 'चि.' पाहिजे तिथं इंग्रजीतला एफ, पी आणि एक आडवी रेघ. त्याखाली नवरदेव, नवरी, दोन्हीकडचे आजोबा, मामा, एकूण एक चुलते, सगळ्यांची इंग्रजी अक्षरांत भरड झालेली. तळाला 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', तेही तसंच. पाहुण्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे कोणच्या भाषेत छापायलाव?"

मी म्हणालो, फाँट गेलाय. ते म्हणाले, कुठं गेला?

हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. टाइपरायटरच्या कळांवर बेतलेले ते जुने फाँट मराठी नव्हतेच मुळी. इंग्रजी अक्षरांच्या खणांत कुणीतरी मराठी आकार बसवून दिलेले. आपण एफ दाबायचा, पडद्यावर पहिली वेलांटी दिसायची. आपल्याला वाटायचं कंप्युटर मराठी लिहितोय, पण त्याच्या लेखी ती पत्रिका पहिल्यापासून इंग्रजीच होती. आम्ही तिला मराठी मुखवटा चढवला होता, तो उतरला एवढंच. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा खण असतो, फाँट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो. विंडोज ७ मध्ये ती सोय आयती होती, एक्सपीत ती मुद्दाम सीडी घालून चालू करावी लागायची. पण आमचं सगळं डीटीपी, म्हणजे कंप्युटरवरची अक्षरजुळणी, जुन्या खणांतलं. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं आणि पाहुण्यांना सांगून उपयोग नव्हता. त्यांना तारीख, वार, गोरज मुहूर्त दिसायला पाहिजे होता.

गंजगोलाई बाजारातल्या एका मित्राकडं धावलो. त्यानं पेन ड्राइव्हवर फाँट दिला आणि वर म्हणाला, "ह्याच्या चार कॉप्या करून ठेव, एक तिजोरीत ठेव." मी परत येऊन फाँट टाकला आणि पत्रिका एका झटक्यात मराठी झाली. पाहुणे खूश. जाताना मात्र मामाच्या नावाची वेलांटी पुन्हा एकदा बोटानं तपासून गेले. विश्वास उडाला तो उडालाच.

पुढचा बदल मी टाळला. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि वर्षभर फुकट होतं. फुकट म्हटलं की आपण जरा मागं सरकतो, त्यातलाच मी. कोपऱ्यात रोज पाटी यायची, घ्या, घ्या. त्याच काळात लातुराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. आम्ही घरात आंघोळीचं पाणी साठवून तेच फरशीला, मग झाडाला घालत होतो, आणि पडद्यावर पाटी, तीनेक जीबी उतरवून घ्या. मी तिला रोज 'नंतर' म्हणायचो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, मुदत संपायच्या तोंडावर, भाच्यानं रात्री लावून दिलं. 'कंप्युटर बंद करू नका' असं लिहून आलं, चौतीस टक्के झालं आणि लाइट गेली. यूपीएस टीं टीं करायला लागला. पंधरा मिनिटांची त्याची ताकद. आम्ही दोघं अंधारात त्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडं बघत बसलो, दवाखान्यात सलाईनकडं बघतात तसं. बाराव्या मिनिटाला लाइट आली. भाचा म्हणाला, मामा, श्वास घ्या आता.

माझ्या आजोबांनी यापेक्षा मोठे बदल पाहिले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पण त्याचं नाणं, हाली सिक्का, १९५९ पर्यंत चालत होतं. सात हाली म्हणजे सहा कलदार, भारताचे रुपये. ते नाणं बंद होऊन पंचवीस वर्षं झाल्यावरही बैलाची किंमत ऐकली की आजोबांचे ओठ हलायचे. आधी हालीत करून बघायचे, मग महाग का स्वस्त ते ठरवायचे. स्वतःचं वय विचारलं की सांगायचे, जन्म तेराशे चाळीस फसली, निजामाच्या राज्यात चालायचं ते साल. आम्ही पोरं त्यात पाचशे नव्वद मिळवून इसवी सन काढायचो आणि हसायचो. आता माझी बोटं डाव्या कोपऱ्यात जातात तेव्हा भाचा हसतो.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्याआधीच मशीननं सांगून टाकलं होतं की हा कंप्युटर ११ ला पात्र नाही. टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग पाहिजे, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. माझा चौथ्या पिढीतला. सोयरीक जुळवतानासुद्धा हल्ली कुणी इतक्या पिढ्या बघत नाही. भाच्यानं पुण्याहून फोनवर सांगितलं की एक वर्षाची मुदतवाढ मिळते, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. याला आमच्याकडं कर्जाचं पुनर्गठन म्हणतात आणि त्यानं कोण तरलं ते सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलेलं, कागदांसाठी दुकानात रीघ, आणि मशीन बंद पडलं तर? घेतलं नवीन.

जुनं काढलं मात्र नाही. माझ्या थोराड प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला कंप्युटरशी जोडणारा प्रोग्राम, ३२ बिटचा, आणि ११ येतं फक्त ६४ बिटमध्ये, तिथं तो चालत नाही. त्यामुळं आता टेबलावर दोन पडदे आहेत, थोरली आणि धाकटी. पत्रिका थोरलीकडं, ऑनलाइन अर्ज धाकटीकडं. थोरलीच्या कॅबिनेटवर बारा दसऱ्यांचं कुंकू आहे, एकावर एक, पुसलं तरी जात नाही.

धाकटी वेगात आहे, ते मान्य केलं पाहिजे. पूर्वी कंप्युटर चालू होईपर्यंत चहा यायचा, आता चहा सांगायच्या आत तो तयार. श्रेय विंडोजला देऊ नये, ते आतल्या एसएसडीचं, म्हणजे नव्या वेगवान डिस्कचं आहे. हे कळल्यावर थोरलीलाही एसएसडी बसवली, तर तीही पळायला लागली. राइट क्लिक केलं की कट, कॉपी असे शब्द दिसायचे, आता आधी चित्रांची ओळ, कात्री वगैरे, आणि ओळखीचं काही हवं असेल तर 'शो मोअर ऑप्शन्स' दाबा. ते बटन डावीकडं आणता येतं, हेही भाच्यानं दाखवलं. सेटिंग, पर्सनलायझेशन, टास्कबार, आणि मध्यऐवजी डावीकडे. मी लगेच आणून ठेवलं. हवामान उजवीकडं गेलं. दोन दिवसांनी एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "ते पावसाचं कुठंय? मागल्या टायमाला हितंच दिसत होतं." त्यांना कोपरा बदललेला चालला नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच विंडोजनं सुटली नाही. रिकाम्या जागी राइट क्लिक आणि रिफ्रेश. दोनदा, तीनदा, कधी पाचदा. त्यानं वेग काडीचा वाढत नाही, पडद्यावरचे आयकॉन पुन्हा मांडले जातात एवढंच. मला हे दहा वर्षांपासून माहीत आहे. काल अर्जाची साइट अडकली, गोल फिरत राहिली, मागं सात-आठ माणसं. मी साइट खाली केली, मोकळ्या डेस्कटॉपवर गेलो आणि दाबायला लागलो. रिफ्रेश, रिफ्रेश. काउंटरवर कोपर टेकून उभे असलेले अण्णा पडद्याकडं एकटक बघत म्हणाले,

"अजून दोन-चारदा दाबा, होतंय ते."