आमची वाटचाल : दरवाजापासून सुरुवात

आज आम्ही जुन्या गाड्यांच्या पत्र्याचं काम करतो, पण सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, धाकटा भाऊ आणि मी. जाड लोखंडाचं फॅब्रिकेशन करायचो. पाच मिलिमीटरच्या पट्टीवरचा वेल्ड घासायचा म्हणजे ग्राइंडर दाबून धरायचा, बस्स. त्यामुळे जुन्या गाडीच्या दरवाजाचं पहिलं काम आलं तेव्हा ते जमेल का, अशी शंकाही मनाला शिवली नाही.

दरवाजाचा गंजलेला खालचा भाग कापून नवा पत्रा जोडला आणि जाड डिस्कने वेल्ड एका दमात सपाट केला. पत्रा निळा पडला तरी थांबलो नाही. गार झाल्यावर दरवाजा उजेडात तिरका धरला, तर अख्ख्या सांध्यावर लाटा. अंगठ्याने दाबलं की पत्रा टक् करून आत जायचा, सोडला की बाहेर यायचा. एका जागी तर घासून घासून भोक पडलं होतं. वर पुट्टी भरून गाडी देता आली असती. भाऊ म्हणाला, "दादा, हे असं नाही द्यायचं." आमच्या खर्चाने नवा पत्रा आणला आणि तो दरवाजा पुन्हा केला. धंद्याची खरी सुरुवात मी तिथून मोजतो.

जुन्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटरचा असतो. ०.८ मधला ०.२ घासला गेला की पत्र्याचा चौथा हिस्सा गेला. त्यात वेल्ड गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो. ग्राइंडरने तो पुन्हा तापवला की ओढाताण आणखी वाढते. हे कळल्यावर आमचं घासणंच बदललं. १ मिलिमीटरची कटिंग डिस्क कडेवर उभी धरून फक्त वेल्डच्या माथ्यावरून हलकी फिरवायची. डिस्कची सपाट बाजू टेकवायची नाही, ती फुटते. दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर मार्करची शाई लावलेली असते. शाई पुसली जायला लागली की हात उचलायचा. केसभर उंची शिल्लक ठेवून मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरायची आणि हातोडीने सांधा ठोकायचा, म्हणजे आकसलेला पत्रा पुन्हा पसरतो. मगच छोटी ८० ग्रिटची डिस्क. एका जागी दोन-तीन सेकंद, की पुढची जागा. तळहात टेकवता येईल इतका पत्रा गार असलाच पाहिजे.

पुढे टिग मशीन घेतलं, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने वेल्ड करणारं. तोवरचा आमचा सगळ्यात मोठा खर्च तोच. मिगचा, म्हणजे तार आपोआप पुढे सरकणाऱ्या मशीनचा, वेल्ड उंच आणि कडक येतो, टिगचा बसका आणि मऊ. तो हातोडीला दाद देतो. घासायचं काम निम्म्याहून कमी झालं. तरी मिग आम्ही सोडलेलं नाही. जिथे मागून डॉली पोचत नाही तिथे ते बरं पडतं, फक्त टाके, म्हणजे वेल्डचे ठिपके, लांब-लांब घालायचे आणि मधल्या जागा हळूहळू भरायच्या.

मधल्या काळात एक मोठा फटका बसला. ग्राइंडरच्या ठिणग्या शेजारच्या गाडीच्या मूळ काचेत रुतल्या. तशी काच पुन्हा मिळणं किती अवघड असतं, हे ती शोधताना समजलं. तेव्हापासून काच, रंग आणि सीटवर अग्निरोधक कापड टाकल्याशिवाय कुणी ग्राइंडर चालू करत नाही.

आज आम्ही सहा जण आहोत. नवा मुलगा पहिला महिना भंगारातल्या पत्र्यावरच हात बसवतो. सांध्यावर पातळ कापड ठेवून त्यावरून तळवा फिरवायला त्याला शिकवतो, कारण डोळ्याला न दिसणारी लाट तळव्याला लागते. पुट्टी लावण्याआधी उघड्या पत्र्याचे दोन्ही बाजूंचे फोटो गाडीच्या मालकाला देतो.

यंदा ॲल्युमिनियमच्या बॉडीसाठी वेगळी खोली केली आहे. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले की ओल लागताच तिथे गंज सुरू होतो. त्यामुळे त्या खोलीच्या डिस्क, ब्रश, कानशी सगळं निराळं, आणि प्रत्येक मुठीला निळी पट्टी गुंडाळलेली.