निळ्या कोळ्याची वीण

आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे सापडलेल्या नमुन्यावरून १८९९ मध्ये नोंदवलेला निळा टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पुन्हा आढळला तो थेट २००१ मध्ये, नंद्याल आणि गिद्दलूरदरम्यानच्या जंगलात. त्यामुळे तिथून कोणी एकही कोळी उचलू नये, असे माझे ठाम मत आहे. बंदिस्त जागेत त्याची वीण करताना मादीच्या कातीकडे लक्ष ठेवावे लागते, कारण कातीबरोबर शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीचे अस्तरही गळून पडते आणि आधीचे मीलन वाया जाते. वयात आलेला नर फार जगत नाही, म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठणाऱ्या आमच्या जळगावात तर या कोळ्याला सावलीची खोली, ढोलीसारखी उभी साल, ओलसर माती आणि खेळती हवा लागेलच.