तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या शहरात शाखा कधी?

मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, कुठेही भेट झाली की हा प्रश्न येतोच. "ताई, तुम्ही सॅन अँटोनियोत बेघर माजी सैनिकांची कुत्री-मांजरं सांभाळता. मग डॅलसला शाखा का नाही? न्यू जर्सीत का नाही? पैसे आम्ही जमवून देतो." विचारणाऱ्याच्या मनात माया असते, ते दिसतं. म्हणूनच घाईत काहीतरी सांगून सुटावंसं वाटत नाही. आज नीट लिहिते.

आमचं काम सुरू झालं ते 2016 च्या उन्हाळ्यात, एका पुलाखाली. व्हिएतनामला लढून आलेले एक गृहस्थ, वय सत्तरीच्या आसपास. मधुमेहाने पायाची जखम चिघळलेली. माजी सैनिकांच्या रुग्णालयात खाट तयार होती, न्यायला गाडी उभी होती. ते उठेनात. शेजारी रोझी बसली होती, तपकिरी रंगाची, एक कान फाटलेली. "मी आत गेलो तर हिला कोण बघणार?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मी तेव्हा नुसती जेवणाचे डबे वाटायला गेलेली. मी म्हटलं, मी बघते. घरी पोचले तोवर नवऱ्याने गॅरेजमध्ये जुनी गोधडी अंथरून ठेवली होती. त्यांच्या पायाची दोन बोटं गेली, पाय वाचला. सहा आठवड्यांनी ते काठी टेकत आमच्या दारात आले, तेव्हा रोझीने जो आवाज काढला तो मी त्याआधी कुठल्या कुत्र्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

अमेरिकेत दर जानेवारीत एका रात्री बेघरांची मोजणी होते. 2024 च्या मोजणीत 32,882 माजी सैनिक सापडले, त्यातले सुमारे 14 हजार थेट उघड्यावर. 2010 मध्ये हाच आकडा 74 हजारांच्या वर होता. म्हणजे काम होतं आहे. केंद्र सरकारची एक योजना आहे, गृहनिर्माण खातं भाड्याला हातभार लावतं आणि माजी सैनिकांचं खातं सोबत समाजसेवक देतं. या योजनेने फार मोठा फरक पडला. पण माणसासाठी बांधलेल्या या वाटेवर जागोजागी कुत्रं अडतं. पुष्कळशा निवाऱ्यांत पाळीव जनावर चालत नाही. प्रशिक्षित सेवा-कुत्र्याला कायद्याने प्रवेश आहे, रोझीसारखीला नाही. घरमालक कुत्र्यासाठी वेगळी अनामत मागतो. आणि रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हायचं तर जनावर ठेवायचं कुठे, याची सोय कुठल्याच अर्जात नसते. 2005 च्या कतरिना वादळात कुत्र्यामांजरांना सोडून जायला नकार देणारी माणसं देशाने पाहिली, आणि 2006 मध्ये आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार करायचा कायदा झाला. पुलाखालच्या माणसाची आपत्ती मात्र रोजची असते, तिला तो कायदा लागू होत नाही.

आता शाखेचं. कागदोपत्री शाखा काढणं अवघड नाही. मुख्य संस्थेच्या करसवलतीखाली शाखांना घेता येतं. मग प्रत्येक शाखेचा स्वतःचा कर-क्रमांक, स्वतःचे हिशेब. दरवर्षीचं विवरणपत्र सलग तीन वर्षं चुकलं की करसवलत आपोआप जाते. बऱ्याच राज्यांत तिथल्या लोकांकडे देणगी मागण्याआधी नोंदणी करावी लागते. हे सगळं एक चांगला हिशेबनीस सांभाळतो. आम्हीही त्यालाच शाखा समजलो, आणि तिथेच चुकलो.

2019 मध्ये दुसऱ्या एका शहरातून एका दांपत्याचा फोन आला. मनाने फार चांगली माणसं. पैसे जमले, टी-शर्ट छापले, उद्घाटनाला मी स्वतः गेले, फीत कापली. पाच महिन्यांत त्यांच्याकडे तीन कुत्री आली आणि सांभाळणारं घर एकच. त्या घरातल्या बाईंची बदली झाली. मला फोन आला तोवर कुत्री शहराच्या कोंडवाड्यात गेली होती, आणि त्यातलं एक नव्या मालकाला दिलं गेलं होतं. त्या कुत्र्याचा खरा मालक तेव्हा व्यसनमुक्तीच्या उपचारांत होता, नव्वद दिवसांच्या. आम्ही शब्द दिला होता म्हणून तो आत गेला होता. तो बाहेर आला त्या दिवशी मी तिथे गेले, हे दुसऱ्या कोणाला सांगायला लावणं बरोबर नव्हतं. तो ओरडला नाही. खिशातून पट्टा काढला, गुंडाळून टेबलावर ठेवला आणि निघून गेला. पुन्हा तो आम्हाला सापडला नाही. ती शाखा आम्ही बंद केली. चूक त्या दांपत्याची नव्हती; घरं किती आहेत हे न विचारता फीत कापणाऱ्या माझी होती.

माझं आजोळ साताऱ्याचं अपशिंगे, मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. आजोबा रजा संपवून पलटणीत परत निघाले की बैलजोडी शेजारच्या गोठ्यात बांधून जायचे. पुढच्या रजेला आले की सोडून आणायचे. कोणी कोणाला कागद लिहून दिला नाही. शाखा म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर आता तो गोठा असतो. तो सॅन अँटोनियोत बसून डॅलसमध्ये बांधता येत नाही, तिथल्या शेजाऱ्यानेच द्यावा लागतो.

म्हणून आता कोणी शाखा मागितली की मी घरं मोजते. किमान चार हवीत, आणि तीही आठवडाभराची नव्हेत. रोझीचंच सांगते. तिला हार्टवर्म निघाला, डासांतून होणारा हृदयातल्या जंतांचा रोग, टेक्सासमध्ये पुष्कळ आढळतो. तो होऊ नये म्हणून महिन्याला एक गोळी पुरते. पण एकदा झाला की पाठीच्या स्नायूत इंजेक्शनं, आणि त्यानंतर काही महिने कुत्र्याने धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात अडकून जीव जाऊ शकतो. रस्त्यावरच्या माणसाने कुत्र्याला महिनोन्महिने शांत कुठे ठेवायचं? मालक परत आल्यावरही रोझी रात्रीची आमच्याच गॅरेजमध्ये होती आणि ते रोज दुपारी येऊन तिच्याशेजारी बसायचे.

घरांनंतर प्राण्यांचा एक डॉक्टर, जो रेबीजची लस पदरमोड करून टोचेल आणि फोन उचलेल. मग माजी सैनिकांच्या समाजसेवकांशी ओळख, कारण कोण कधी भरती होणार हे त्यांना आधी कळतं. आणि एक असा माणूस, ज्याचा फोन रात्री चालू असतो. हे जमलं की पैशाचं मी बघते. हे जमलेलं नसताना दिलेला धनादेश मी दोनदा परत केला आहे, आणि दोन्ही वेळा समोरचा दुखावला. त्याचं मला वाईट वाटतं, तरी तिसऱ्यांदाही परत करीन.

सध्या कॉर्पस क्रिस्टीत दोन घरं तयार आहेत आणि एक डॉक्टरीणबाई. शाखा म्हणून अजून नाव दिलेलं नाही, बँकेत खातं नाही. गेल्या गुरुवारी रात्री त्यातल्या एका घराने एक म्हातारी मांजर ठेवून घेतली. तिचा मालक शुक्रवारी सकाळी शस्त्रक्रियेला गेला. डॅलसमधून ज्यांनी विचारलंत त्यांच्यासाठी: तिथून आतापर्यंत मला एका घराचा होकार आला आहे. अजून तीन हवीत.