आहार

माळा आवरायला दोन माणसं लागतात. एक वर चढायला आणि एक खाली उभं राहून "टाका हो ते" म्हणायला. आमच्याकडे स्टुलावर मी असतो.

आम्ही माळा म्हणतो, कामाला येणाऱ्या ताई टांड म्हणतात, आणि त्यावर जे काही असतं त्याला सगळेच अटाला म्हणतो. अडगळ हा शब्द आमच्या इंदूरच्या रामबागेत पुण्याचे पाहुणे आले तरच ऐकू येतो. अडगळ म्हटलं की काहीतरी पायात आल्यासारखं वाटतं. अटाला कसा, खात्यापित्या घरचा, आपल्या जागी बसलेला.

तर नवरात्राच्या आधीची दुपार. पहिली निघाली ती खोकी. खोक्यांच्या बाबतीत मी हळवा आहे. मिक्सरचं, पंख्याचं, टीव्हीचं. टीव्ही जाऊन नऊ वर्षं झाली, पण खोक्यातला थर्मोकोल अजून कोरा करकरीत. "बदली झाली तर लागेल," असं मी पूर्वी म्हणायचो. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे काहीच म्हणत नाही, नुसतं मागे सरकवतो.

त्यामागे हंडे, घंगाळ आणि एक पिंप. 1978 साली जलूदहून 70 किलोमीटर, विंध्याचा घाट चढून नर्मदा इंदुरात आली. त्याआधी उन्हाळ्यात आमची आजी रात्री झोपायच्या आधी घरातलं जे जे पोकळ ते ते भरून ठेवायची. एकदा फुलदाणीसुद्धा भरली होती. नळाला नर्मदा आल्यावर बाबांनी हंडे वर टाकले, पण आजी काही वर्षं कुरकुरत राहिली. "एवढ्या लांबून चढून येणारी बाई, रोज कशी येईल?" नर्मदा अजूनही आमच्याकडे एक दिवसाआड येते. म्हणजे आजी निम्मी बरोबर होती.

पितळी पातेली मात्र नर्मदेमुळे वर गेली नाहीत. ती गेली कल्हईवाल्यामुळे. तो लिंबाखाली खड्डा करून कोळसे पेटवायचा आणि भाता फिरवायला आम्हा मुलांत मारामारी व्हायची. पातेलं तापलं की आत नवसागराची चिमूट. भस्सकन पांढरा धूर, नाकात झणका. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गर्रकन फिरवायचं. काळ्या पातेल्यात एकदम चांदणं पसरायचं. पाण्यात बुडवलं की चर्र. ते चर्र ऐकायला मी शाळेला उशीर केलेला आहे. पुढे तो यायचा थांबला, ताक कळकायला लागलं, स्टील आलं. लिंब तिथेच आहे. खाली आता स्कूटर लावतात.

या पातेल्यांच्या मागून एक झाकण घरंगळत आलं.

आईच्या लग्नात, 1961 साली, तिच्या देवासच्या मामांनी पितळी डबा दिला होता. बर्तन बाजारात नाव घालायला टाकला. चिठ्ठीवर लिहून दिलं, "मामाकडून आहेर." नाव घालणारा हिंदीभाषक. त्याने चिठ्ठी पाहिली, डबा पाहिला, डब्यात काय ठेवतात याचा विचार केला आणि ग्राहकाची चूक आपली आपणच सुधारली. ठोक ठोक करत, ठिपक्या ठिपक्यांनी, झाकणावर उमटलं: मामाकडून आहार.

मामांनी ते मांडवात पाहिलं. डबा परत देणं शक्यच नव्हतं, म्हणून डब्याचं नावच आहार पडलं. "आहार खाली काढ." "आहारातले लाडू कोणी संपवले?" शाळेत 'संतुलित आहार' शिकवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फळीच्या अगदी कडेवर ठेवलेला आणि तरीही न पडणारा डबा आला. बाईंना तसं सांगितलंही. पुढचं सांगत नाही.

"नुसतंच झाकण? द्या खाली," सौ. म्हणाली. 2017 साली इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं, तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती टाकता येत नाही. ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, घातक, ती गाडीच्या कुठल्या कप्प्यातली ते आधी ठरवावं लागतं. सौ. हे झोपेतही सांगेल. पितळ कुठल्याच कप्प्यातलं नाही, ते अटालेवाल्याचं.

तो चारला आला. झाकण काट्यावर ठेवायच्या आधी त्याने अंगठ्याने धूळ पुसून वाचलं. "मामा... आहार." मग म्हणाला, "इसका डिब्बा कहाँ है, बाबूजी?"

मी पुण्याला दादाला फोन लावला. आहार म्हटल्याबरोबर हसला. पाच मिनिटं लाडू, मामा, बाई सगळं झालं. मग म्हणाला, "माझ्याकडे कुठला? आई गेल्यावर स्वयंपाकघर तूच बांधलंस ना?"

हो, मीच बांधलं होतं. तेराव्यानंतरच्या दुसऱ्याच दिवशी. दोन गोण्या. भांडी हातात घेतली की त्यांच्याकडे बघावं लागतं, म्हणून न बघता भरत गेलो. कशावर कुठलं झाकण, तेही जुळवलं नाही. वजन झालं, पैसे मोजून घेतले. किती, ते आठवत नाही.

"ठेवतो मग," मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, "ठेव." अटालेवाला रद्दी, पंख्याची जाळी आणि एक हंडा घेऊन गेला.

झाकण सध्या तांदळाच्या स्टीलच्या डब्यावर आहे. बसत नाही, एका बाजूला कलतं. सौ. रोज उचलून ओट्यावर ठेवते, मी रोज परत ठेवतो. टीव्हीचं खोकं वर गेलं.