जिवावर येणं म्हणजे रिलक्टंट

रविवार, रात्र

इंग्रजी शब्दांची वही म्हटली की अजूनही दोनच रकाने आखले जातात. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. अशा वहीत शब्द साठतात, पण बोलायच्या वेळी तोंडात येत नाहीत. पान उघडलं की शब्द आणि अर्थ शेजारी-शेजारी दिसतात, ओळख पटते, आणि ओळख पटली म्हणजे पाठ झालं असं वाटून जातं. आठवायची वेळच येत नाही. टिकतो मात्र आठवून काढलेला शब्द.

दुसरं दुखणं उजव्या रकान्यात आहे. ‘रिलक्टंट’ समोर लिहिलेलं असतं ‘अनिच्छुक’. घरात ‘अनिच्छुक’ कोण बोलतं? त्याजागी ‘जिवावर येणं’ लिहून पाहावं. ‘एवढ्या पावसात बाहेर पडायचं त्याच्या जिवावर आलं होतं.’ अनिच्छुक म्हणजे नुसता नकार. जिवावर आलेला माणूस कदाचित उठून जाईलही, फक्त पाय निघत नाही. रिलक्टंटची छटा नेमकी हीच. अर्थ आपल्या बोलण्यातल्या मराठीत उतरला की शब्दाला धरायला जागा मिळते. त्यासाठी पाच मिनिटं विचार करावा लागला तरी ती वाया जात नाहीत.

म्हणून वहीऐवजी कार्डं. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं जाड कागदाचं कार्ड पुरतं. पुढच्या बाजूला ते मराठी वाक्य, मागे पूर्ण इंग्रजी वाक्य: ही वॉज रिलक्टंट टू गो आउट. ‘रिलक्टंट’खाली रेघ मारावी, आणि ‘टू’खालीही हवी, कारण पुढे क्रियापद आणताना हा शब्द ‘टू’ घेऊन चालतो. जोर कुठे द्यायचा तेही तिथेच नोंदवावं. इथे तो ‘लक्’वर आहे, डिव्हेलपमध्ये ‘व्हे’वर. मराठीत असा जोर अर्थ ठरवत नाही, त्यामुळे आपलं तिकडे लक्षच जात नाही.

सोबतचे शब्द न शिकल्यामुळे होणाऱ्या चुका तर हमखास ठरलेल्या. आपण चूक ‘करतो’, म्हणून ‘डू अ मिस्टेक’ म्हणतो. तिथे ‘मेक’ हवं. चहा कडक असला तरी ‘हार्ड’ नाही, ‘स्ट्राँग टी’. पाऊस जोरदार, पण ‘स्ट्राँग रेन’ नाही, ‘हेवी रेन’. शब्द सुटा लिहिला की मराठी जोडीदार आपोआप येऊन चिकटतो.

जुळ्या शब्दांची घाई करू नये. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ एकाच दिवशी घेतले तर महिनोन्महिने घोळ होतो, कारण मराठीत दोन्हीकडे ‘उसनं’च आहे, फरक फक्त घेण्या-देण्याचा. आधी बॉरो पक्का करावा, लेंड दोन आठवड्यांनी.

उजळणीचं गणित आधीच मांडावं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि पुढे मंदावतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं. सेबास्टियन लाइटनर यांच्या नावाने ओळखली जाणारी कप्प्यांची पेटी त्यावर चांगली चालते. पाच कप्पे करायचे: पहिला रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं थेट पहिल्यात. पुढच्या बाजूचं मराठी वाक्य वाचून इंग्रजी उत्तर मोठ्याने म्हणायचं आणि मगच कार्ड उलटायचं. आधी उलटलं तर ती पुन्हा दोन रकान्यांची वहीच झाली.

रोज १० नवे शब्द घेतले आणि प्रत्येक कार्ड पाच वेळा समोर आलं, तर दीड-दोन महिन्यांत रोजची उजळणी ५० कार्डांवर जाते. चुकलेली वेगळीच. बहुतेकांची पेटी इथेच बंद पडते. रोज पाच शब्द घ्यावेत. वर्षाला १,८०० च्या वर होतात, आणि ते काही थोडे नाहीत. शब्द निवडताना नेहमीच्या वापरातले आधी. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मायकेल वेस्ट यांनी केलेली नेहमीच्या शब्दांची १९५३ ची यादी सुमारे २,००० शब्दांची आहे. त्यातलेच कच्चे असतील तर वर्तमानपत्रातला दुर्मीळ शब्द थांबू शकतो.

आठवडाभर खंड पडला तर नवी कार्डं पूर्ण थांबवावीत. रोज ३० जुनी, पहिल्या कप्प्यापासून. पहिले दोन कप्पे रिकामे झाले की मगच नवा शब्द.