शून्य दाबलं की जागा सुटते

मलावीची राजधानी लिलाँग्वे. तिच्या पश्चिमेला नामितेते इथं सेंट गॅब्रिएल नावाचं रुग्णालय आहे. 2008 साली तिथं एसएमएसवर चालणारी जी व्यवस्था उभी राहिली तिला लागलं काय, तर एक लॅपटॉप, त्याला जोडलेला जीएसएम मोडेम (सिम घालून मेसेज घेणारं-पाठवणारं यंत्र), मेसेज सांभाळणारं फ्रंटलाइनएसएमएस हे फुकट सॉफ्टवेअर आणि जुने साधे फोन. इंटरनेटची गरज नव्हती. आपल्याकडच्या आशाताईंसारखे सुमारे 75 गावकार्यकर्ते पूर्वी टीबी, एचआयव्हीच्या रुग्णांच्या नोंदी द्यायला मैलोन्‌मैल चालत यायचे. तेच आता मेसेज पाठवू लागले. प्रकल्पाच्या हिशोबानुसार पहिल्या सहा महिन्यांत रुग्णालयाच्या मोटरसायकलच्या इंधनाचेच तीनेक हजार डॉलर वाचले.

अशी व्यवस्था लावायला एक दिवस पुरतो. ती अडते ती मेसेजच्या मजकुरावर.

एसएमएसला जागा 140 बाइटची. इंग्रजी अक्षरं आणि साधे आकडे असतील तर 160 अक्षरं मावतात. पण देवनागरीतलं एक जरी अक्षर आलं, अगदी ‘१’ हा मराठी आकडासुद्धा, तरी सगळा मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरामागे जास्त जागा खाणाऱ्या पद्धतीत, जातो आणि मर्यादा 70 वर येते. त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजतात. 71वं अक्षर आलं की दोन मेसेजचे पैसे. म्हणून कार्यकर्त्यांकडून येणारी माहिती नुसत्या आकड्यांत मागवावी: गाव क्रमांक, रुग्ण क्रमांक, चुकलेले डोस. उदाहरणार्थ ‘7 214 2’.

आता गंमत बघा. बटणांच्या बऱ्याच फोनवर मजकूर लिहिताना शून्याची कळ दाबली की मोकळी जागा पडते. शून्य हवा असेल तर ती दाबून धरावी लागते. त्यामुळे ‘7 214 0’ लिहायला गेलेल्या माणसाकडून ‘7 214’ एवढंच येतं आणि संगणकाला वाटतं, नोंद अर्धवट आहे. दोष माणसाचा नाही, ज्यानं कोड ठरवला त्याचा. ‘एकही चुकला नाही’ला 9 ठेवा आणि शून्य कोडमधून काढूनच टाका. रुग्ण क्रमांकांतही 204, 210 असले आकडे नकोत.

पोच उलट गेलीच पाहिजे. ती मिळाली नाही की माणूस तोच मेसेज तीनदा पाठवतो आणि एका रुग्णाचे सहा डोस चुकलेले दिसतात. पोचेत नुसतं ‘मिळालं’ नको. आकडे परत लिहा, म्हणजे चूक पाठवणाऱ्याच्याच लक्षात येते. कार्यकर्त्याच्या खिशातून मात्र पैसे जाता कामा नयेत. बॅलन्स संपला की मिस्ड कॉल येतो. तो आला की केंद्रानं फोन लावायचा, एवढा नियम पुरतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप का नको? जखमेचा फोटो किंवा अक्षर न येणाऱ्या माणसाचा आवाज पाठवायला तो उत्तमच. पण गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दबलेला डोसचा आकडा शोधून वहीत उतरवणार कोण? त्यात साधा फोन असलेला माणूस ग्रुपबाहेरच राहतो, आणि बहुतेकदा ती बाई असते.

भारतात मोडेमच्या सिमऐवजी संस्थेच्या नावानं, बल्क एसएमएस सेवेतून मेसेज पाठवायचे तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे संस्थेचं नाव, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मेसेजचा साचा आधी डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर नोंदवावा लागतो. साच्याबाहेरचा मजकूर वाटेतच अडतो, म्हणून पोचेचा साचा पहिल्याच दिवशी नोंदवून टाका.

मोडेमच्या सिमवर थोडेच मेसेज मावतात, जुन्या सिमवर वीस-तीस. सॉफ्टवेअरनं वाचून झाल्यावर ते पुसले नाहीत तर नवे आत येत नाहीत. नेटवर्क ते काही काळ धरून ठेवतं, मग टाकून देतं, आणि पाठवणाऱ्याला तसं कळतही नाही. ज्याच्या टेबलावर लॅपटॉप आहे तो आठवडाभर रजेवर गेला आणि खोलीला कुलूप लागलं, तरी नेमकं हेच होतं. म्हणून खोलीची दुसरी किल्ली नर्सकडे हवी.