रुपयात चौदा आणे

कापूस वेचणीचे दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी वॉर्डला नर्स होते. आदल्या रात्री नऊला सिझर झालेली एक पहिलटकरीण, वजन 44 किलो. पाठीतल्या इंजेक्शनचा असर दोन-चार तासांत उतरतो, म्हणजे तिचा मध्यरात्रीच उतरला असणार. सकाळी मी आले तेव्हा रात्रीची नोंद होती : 'पेशंट शांत. तक्रार नाही.'

तक्रार सासूची होती. "बाई, इले दूधच नाई. पोट्टं रातभर रडून राह्यलं. डब्याचं लिहून द्या."

खरं सांगते, भरलेला वॉर्ड आणि आम्ही दोघीच. डब्याच्या दुधाचं विचारायला मी डॉक्टरांना फोन लावणारच होते. तेवढ्यात तिच्या हाताकडे लक्ष गेलं. खाटेचा लोखंडी दांडा तिनं इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. चेहरा मात्र कोरा.

"जरा खोक बरं," मी म्हटलं. तिनं श्वास घेतला आणि अर्ध्यातच सोडून दिला.

दहापैकी किती दुखतं, हा पुस्तकातला प्रश्न इकडे चालत नाही. "रुपयात किती आणे दुखते?" तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "चौदा."

केसपेपरवर पॅरासिटामॉल होतं, पण पुढे एसओएस. म्हणजे लागल्यास. म्हणजे मागितलं तरच.

"मग मांगितलं काहून नाई?"

उत्तर सासूनं दिलं. "गोयीनं दूध आटते. अन् ते दुधातून पोट्ट्याच्या पोटात जाते."

"आजी, लेकराले ताप आला की हेच औषध आपण थेंबानं पाजतो ना? दुधातून जाते ते त्याहून कितीतरी कमी. अन् अशी दात-ओठ खात पडली तर पान्हा कसा फुटणार?"

डॉक्टरांनी बीपी, लघवी, रक्तस्राव पाहिला आणि ऑर्डर बदलली : दर सहा तासांनी पॅरासिटामॉल, वजन कमी म्हणून 650 मिलिग्रॅम, दर बारा तासांनी डायक्लोफेनॅक, तेही दुखण्यावरचंच. दुखो न दुखो, वेळ झाली की द्यायचं. पहिलं इंजेक्शन मी लगेच दिलं.

उशी नव्हती, आमच्याकडे कधीच पुरत नाहीत. सासूच्या पिशवीतलं धुतलेलं लुगडं घडी करून टाक्यांवर दाबायला दिलं. आता खोक. या वेळी खोकली. मग कुशीवर वळून, पाय खाली सोडून, कोपराच्या जोरावर उठायला शिकवलं; सरळ उठायला गेलं की सगळा ताण टाक्यांवर येतो. बाळ तिच्या काखेखाली, बाळाचे पाय तिच्या पाठीमागे, म्हणजे पोटावर भार नाही. तासाभरानं बाळाच्या गालाची हालचाल बदलली. आधी नुसतं चुटुचुटु, मग थांबून एकेक घोट. सासू पदर तोंडाला लावून बघत राहिली.

दुपारी पुन्हा विचारलं. "सहा आणे." केसपेपरवर मी तेच लिहिलं, राउंडला डॉक्टर हसले, पण खोडलं नाही.

मग मी इतर सिझरच्या बाळंतिणींचे कागद काढले. तिघी होत्या. तिघींच्याही कागदावर एसओएस, आणि तिघींच्याही गोळ्यांच्या खान्यात सही नाही, म्हणजे गोळी दिलेलीच नाही. कोपऱ्यातल्या खाटेवरचीला विचारलं, दुखते का? तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग सांगतलं नाई?"

"सांगावं लागते काय व बाई?"